शलाकांचा कारभार : प्रस्तावना

ह्या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात सर्वत्र ‘बीम’ हाच शब्द होता. लेखक माझे जुने विद्यार्थी. मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढउतार करणाऱ्या मंडळींत त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि त्या मंडळींच्या तोंडी दुसरा शब्द नाही, त्यामुळे तो बदलण्याचे काही कारण त्यांस दिसेना. परंतु इचलकरंजीच्या वाचकास बीम म्हटले की मागावर चढवावयाचे सुताचे बीम आठवते, गवंड्यास स्लॅबखालचे आठवते, आणि विद्युच्चुंबकीय तरंगांचा जो एका दिशेस एकवटलेला झोत ह्या पुस्तकाचा खरा नायक आहे तो कोणासच आठवत नाही, असा माझा युक्तिवाद होता. शिवाय मराठी शास्त्रीय लेखनात ‘शलाका’ हा सुटसुटीत शब्द पूर्वीच रूढ असताना तो टाकून देणे मला उधळेपणाचे वाटले. लेखकांनी तो अखेर स्वीकारला, पण मोबदल्यात माझ्या आवडत्या ‘व्यवस्थापन’ ह्या शब्दास रजा देण्याची अट घातली, व त्याच्या जागी ‘कारभार’ आणला. आता पुस्तक छापून हाती आल्यावर ह्या सौद्यात माझाच फायदा झाला असे वाटते. कारण यादी, दाखला, मंजुरी, हुकूम, हजेरी आणि जमाखर्च हे सारे ज्यात येते तो कारभारच होय, आणि पुढील पानांत ह्यांपैकी एकही गोष्ट वगळलेली नाही.

विषय नवा असला तरी त्याचे मूळ ज्या दोन अनुभवांत आहे ते आमच्या पिढीतील प्रत्येक विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सूक्ष्मतरंग-प्रयोगशाळेत रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉनची मांडणी असे: तापलेल्या नळीवर वारा घालणारा लहानसा पंखा, तेथून निघालेली पितळी चौकोनी नळी, तिच्या तोंडाशी कर्ण्याच्या आकाराचे, ज्यास सारे हॉर्नच म्हणत असे अँटेना, आणि समोर दीड-दोन हातांवर तसेच दुसरे, अंशांच्या खुणा केलेल्या फिरत्या बैठकीवर बसविलेले. तरंगांची लांबी असे सुमारे तीन सेंटिमीटर. समोरचे हॉर्न पाच-पाच अंशांनी फिरवावयाचे, व्हीएसडब्ल्यूआर मीटरचा काटा पाहावयाचा, वहीत आकडा टिपावयाचा. हॉर्न पंधरा अंश वळले की काटा घसरू लागे, तीस अंशांवर तो जवळजवळ झोपे. हा पहिला अनुभव. दुसरा अभ्यासक्रमात नव्हता, पण दरवर्षी हटकून येई: पलीकडच्या टेबलावर वही विसरलेला कोणी विद्यार्थी दोन हॉर्नांच्या मधून निघून जाई, आणि तो मधे असेतोवर काटा असा काही पडे की लिहिणारा दचकून मीटरवर टिचक्या मारू लागे. दिशा चुकली की पत जाते, आणि कोणी आड आले की पत जाते. ह्या दोन घसरणींवर इलाज करण्यासाठीच ही सारी विद्या उभी राहिली आहे.

मग अशा भित्र्या तरंगांच्या नादी लागावयाचेच कशाला, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारील. उत्तर जागेच्या टंचाईचे आहे. खालच्या कंप्रतांची वसाहत फार पूर्वीच गजबजून गेली. मोकळी पडीक जमीन उरली ती वर, २४ गिगाहर्ट्‌झच्या पलीकडे. थ्रीजीपीपी ह्या आंतरराष्ट्रीय मानक-मंडळाने पाचव्या पिढीचे नियम बांधताना, म्हणजे डिसेंबर २०१७ आणि जून २०१८ ह्या दोन टप्प्यांत पुऱ्या झालेल्या पंधराव्या आवृत्तीत, खालच्या पट्ट्यांत एका वाहकास फार तर १०० मेगाहर्ट्‌झ रुंदी दिली आणि वरच्या पट्ट्यांत ४०० दिली, ह्यावरून त्या पडीक जमिनीचे मोल ध्यानी यावे. तेथे भ्रमणध्वनी चालेल काय ह्याविषयी जाणत्यांनाही शंका होती. २०१३ साली थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्टिन व न्यूयॉर्क येथील रस्त्यांवर प्रत्यक्ष मोजण्या करून जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच हे चालेल असे उद्गारचिन्हासकट बजाविले होते.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा निकाल लावून पुढे जाणे बरे. उच्च कंप्रतेचे तरंग हवा गिळून टाकते, म्हणून ते लांब जात नाहीत, असे पाठ्यपुस्तकांतूनही वाचावयास मिळते. ६० गिगाहर्ट्‌झच्या आसपास प्राणवायू तसे करतो खरे. परंतु २६ किंवा २८ गिगाहर्ट्‌झला शेदोनशे मीटरांच्या अंतरात हवेचा हा कर नगण्य आहे. खरे कारण अँटेनाच्या आकारात आहे, आणि ते १९४६ साली हॅराल्ड फ्रिस ह्यांनी एका ओळीच्या सूत्रात सांगून ठेविले आहे. अँटेनाचा सुटा घटक तरंगलांबीच्या निम्म्याएवढा करावयाचा असतो. ३.५ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ८.६ सेंटिमीटर, म्हणजे घटक ४.३ सेंटिमीटर, २८ गिगाहर्ट्‌झला ती १.०७ सेंटिमीटर, म्हणजे घटक जेमतेम साडेपाच मिलिमीटर. बाजू आठपट लहान झाली, क्षेत्रफळ चौसष्टपट लहान झाले, आणि पावसात पातेल्याऐवजी बाटलीचे बूच ठेवावे तशी अवस्था झाली. हातात येणारी शक्ती चौसष्टांश, हिशेबाच्या भाषेत १८ डेसिबलांची तूट. परंतु त्याच पातेल्याच्या जागेत आता आठ ओळींत आठ अशी चौसष्ट बुचे बसतात, व त्यांनी गोळा केलेले सारे एकत्र केले तर तूट पुरती भरून निघते. निसर्गाने एका हाताने काढून घेतले ते दुसऱ्या हाताने परत दिले, पण एक अट लिहून घेऊन: चौसष्ट घटक एकमुखाने बोलू लागले की त्यांचा आवाज एकाच दिशेस जातो, सुमारे तेरा अंशांच्या अरुंद फटीतून. ती दिशा कोणती, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ती चौसष्ट घटकांची श्रीमंती कवडीमोल आहे.

हे एकमुखाने बोलणे कसे साधते ते समजण्यास नदीच्या घाटावर एका ओळीत बसून धुणे आपटणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आणाव्यात. सगळ्यांनी एकदम आपटले तर लाटांची ओळ घाटाशी समांतर राहून थेट समोरच्या तीरावर जाईल. डावीकडच्या बाईने आधी, तिच्या शेजारणीने किंचित नंतर, असे क्रमाने आपटत गेल्यास तीच ओळ तिरपी होऊन उजवीकडे वळेल, आणि घाटाची एकही पायरी त्यासाठी हलवावी लागणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्यांनी १९०५ साली त्रिकोणात उभे केलेल्या तीन अँटेनांवर हा प्रयोग करून दाखविला होता; मार्कोनींबरोबर १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच ब्राउन. आणि मिलिमीटर-तरंगांविषयी बोलावयाचे तर मार्कोनींचेही नाव मागाहून घ्यावे लागते, कारण जगदीशचंद्र बोस ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कलकत्त्यास पाच मिलिमीटरांपर्यंतचे तरंग निर्माण केले होते, त्यांसाठी हॉर्नही घडविले होते, आणि पीळ दिलेल्या तागाच्या तंतूंतून ते तरंग पाठवून त्यांचे ध्रुवण वळविले होते. पुढे दूरदेशी संदेश पाठविण्याच्या हव्यासाने साऱ्या जगाने लांब तरंगांची वाट धरली व बोसांचे तरंग प्रदीर्घ काळ कपाटात पडून राहिले.

आता ‘संदर्भ-संकेत’. ह्या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. ज्यात काही बातमी आहे तो संकेत, अशी आपली समजूत. आणि हा संकेत तर असा की त्यात सांगण्यासारखे काही नाही, त्याचा शब्दन्‌शब्द ऐकणाऱ्यास आधीच तोंडपाठ आहे. त्याचे सारे मूल्य ह्या तोंडपाठ असण्यातच साठविलेले आहे. पाठ असलेला श्लोक दुरून कानी आला असता त्यातले कोणते अक्षर दबले, कोणते घुमले, ह्यावरून मधल्या वाऱ्याची आणि भिंतींची परीक्षा करता येते. अनोळखी वाक्यावरून ती करता येत नाही, कारण दोष वाक्याचा की वाऱ्याचा हे कळण्यास मार्ग नसतो.

ह्याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी दाटीने उभ्या आहेत, व बाकीच्या सोळा तीन बाहूंवर सुमारे पंचवीस किलोमीटरांपर्यंत पांगलेल्या आहेत. ह्या तबकड्यांनी मिळून एकाच दिशेस ऐकावयाचे तर प्रत्येकीच्या मार्गातला विलंब व प्रत्येकीच्या यंत्रसामग्रीतली चूक ठाऊक पाहिजे; आणि ती ठाऊक करून घेण्यासाठी निरीक्षक आपला खरा विषय बाजूस ठेवून, ज्याचे स्थान व तेज पक्के ठाऊक आहे अशा एखाद्या आकाशस्थ उगमाकडे सगळ्या तबकड्या वळवितात, त्यावरून कला जुळवून घेतात, मग विषयाकडे येतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्या ओळखीच्या उगमाकडे जातात, कारण दरम्यान वातावरण बदललेले असते. निरीक्षणाच्या मोलाच्या वेळातील काही हिस्सा असा जुन्या ओळखीची विचारपूस करण्यात खर्च होतो. तेथील ओळखीचा उगम म्हणजेच येथला संदर्भ-संकेत. भेद एवढाच की खगोलज्ञाचा क्वेसार जागचा हलत नाही, आणि आमचा ग्राहक रिक्षात बसून निघून जातो.

रिक्षात बसलेल्या ह्या ग्राहकास मनोरा प्रथम शोधतो कसा, हा ग्रंथाचा चौथा अध्याय, आणि माझ्या मते तो सर्वांत चांगला उतरला आहे. जुन्या गावात दवंडी पिटणारा जसा चौकाचौकांत थांबून तेच वाक्य पुकारी, तसा मनोरा आपला समकालन-ठोकळा, ज्यास तंत्रज्ञ एसएसबी म्हणतात, एकामागून एक दिशांना पाठवितो: ३ गिगाहर्ट्‌झच्या खाली फार तर ४ दिशा, त्यावरच्या मध्यम पट्ट्यांत ८, आणि मिलिमीटर-पट्ट्यांत ६४. ही सारी फेरी पाच मिलिसेकंदांच्या आत उरकावयाची असते, आणि नव्याने आलेल्या मोबाइलने ती दर वीस मिलिसेकंदांनी होते असे गृहीत धरावयाचे असते. गंमत अशी की ह्या दवंडीत मनोरा आपण कितव्या चौकात उभे आहो तो क्रमांकही सांगतो, व प्रत्येक चौकासाठी उत्तर देण्याची वेळ निराळी नेमून देतो. त्यामुळे मोबाइलने सर्वांत स्पष्ट ऐकू आलेली दवंडी निवडून तिच्या नेमल्या वेळी नुसती साद घातली तरी तो कोणत्या दिशेस आहे हे मनोऱ्यास कळून चुकते. पत्ता न लिहिता, टपाल टाकण्याच्या वेळेवरूनच पत्ता कळविण्याची ही युक्ती मला फार देखणी वाटते.

पण दवंडी फुकट नसते. १२० किलोहर्ट्‌झ अंतराच्या उपवाहकांवर एका ठोकळ्यास सुमारे ३६ मायक्रोसेकंद लागतात. चौसष्टांस मिळून सव्वादोन मिलिसेकंदांहून अधिक. आणि मनोऱ्यावरचे अँटेनांचे पटल एका वेळी एकाच दिशेस वळू शकणारे असेल तर प्रत्येक वीस मिलिसेकंदांतून एवढा वेळ, म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा, विचारपुशीत गेला. मोबाइललाही आपले कान फिरवावे लागतात. त्याने आठ दिशांनी ऐकावयाचे ठरविले व प्रत्येक फेरीस एकच दिशा धरली, तर १६० मिलिसेकंद झाले, तेवढ्यात रिक्षा वळणावरून नाहीशी झालेली असते. विचारावे तर वेळ जातो, न विचारावे तर माणूस हरवतो. शलाकांच्या कारभारातील एकूण एक नियम, तो कितीही किचकट दिसो, ह्या दोन खर्चांमधली तडजोड आहे, आणि वाचकाने हे एक सूत्र हाती धरले तर मानकांच्या अरण्यात तो वाट चुकणार नाही. चौथ्या पिढीत हा हिशेब इतका काटेकोर नव्हता: तेथे मनोऱ्याचे सामायिक संदर्भ-संकेत मध्यरात्रीही, ऐकणारा कोणी असो वा नसो, देवळातल्या नंदादीपाप्रमाणे तेवत राहत. पाचव्या पिढीने ते बंद करून गरजेपुरता दिवा लावण्याचा शिरस्ता घातला.

गरजेपुरत्या ह्या दिव्यास सीएसआय-आरएस असे नाव आहे. दवंडीवरून मोहल्ला कळला, आता घर शोधावयाचे. म्हणून मनोरा त्या रुंद दिशेच्या आतच काही अरुंद शलाका पाठवून पाहतो, आणि मोबाइल त्यांचे बळ मोजून अहवाल देतो. दुसऱ्या प्रकारात मनोरा एकच शलाका तशीच धरून पुन्हा पुन्हा पाठवितो, जेणेकरून मोबाइलला आपलेच कान फिरवून पाहता यावेत. अहवालातली काटकसर पाहण्यासारखी आहे: एका खेपेस फार तर चार शलाकांची नोंद, त्यांत सर्वांत बलवान शलाकेचा आकडा सात द्विमान अंकांत पुरता लिहावयाचा, बाकीच्यांचा नुसता फरक चार अंकांत, तोही दोन-दोन डेसिबलांच्या पायरीने. उलट दिशेने, मोबाइलने पाठविलेल्या एसआरएस संकेतांवरून मनोऱ्याने मोजणी करण्याचीही सोय आहे. तिचा विस्तार सातव्या अध्यायात आहे, येथे तिची नुसती ओळख पुरे.

मला व्यक्तिशः ज्या कल्पनेने वेड लावले ती मात्र ह्याच्या पुढची. शलाका ठरली, आता मनोऱ्याने मोबाइलला ‘तुझे कान अमुक दिशेस वळव’ असा हुकूम द्यावयास हवा. तो देणार कसा? मोबाइल खिशात उलटा आहे की टेबलावर पालथा, हे मनोऱ्यास ठाऊक नाही. मोबाइलच्या कोणत्या कडेवर अँटेनांची पट्टी बसविली आहे तेही ठाऊक नाही. उत्तर, दक्षिण, अंश, कला ही सारी भाषा उभयतांमध्ये निरर्थक आहे. म्हणून मानकाने दिशेचा उल्लेखच टाळला. मनोरा एवढेच सांगतो की, आता जे येत आहे ते अमुक क्रमांकाच्या संदर्भ-संकेतासारखेच येत आहे. तो ऐकताना जसे कान धरले होतेस तसेच आताही धर. खेड्यातला म्हातारा पाव्हण्यास नकाशा सांगत बसत नाही, ‘मागच्या खेपेस ज्या वाटेने आलात त्याच वाटेने या’ एवढे म्हणतो, आणि पाव्हणा बिनचूक येतो, तशातलाच हा प्रकार. ह्या नात्यास इंग्रजीत जे लांबलचक नाव आहे त्याचा ‘अर्धसहस्थान’ असा अनुवाद लेखकांनी केला होता. तो मी निर्दयपणे खोडून तेथे ‘वाटेचा दाखला’ असे घातले, आणि ह्या एका दुरुस्तीसाठी विद्वानांचे शिव्याशाप सोसण्यास मी तयार आहे. असे दाखले एकंदर १२८ पर्यंत यादीत नोंदवून ठेवता येतात; त्यांतले आठ मधल्या पायरीवर मंजूर होऊन चालू राहतात; आणि ऐन वेळच्या हुकुमात त्या आठांपैकी एकाचा निर्देश अवघ्या तीन द्विमान अंकांत होतो. मोठी यादी सावकाश बदलते, मंजूर यादी जलद, हुकूम क्षणोक्षणी. पेशवे दप्तरात वाढलेल्या कारकुनास ही रचना समजावून सांगण्यास फारसे श्रम पडले नसते.

आणि तरीही कोणी तरी वही आणावयास मधून जातेच. माणसाचे शरीर मिलिमीटर-तरंगांच्या आड आले की बळ शंभरपट घटणे नवलाचे नाही, आणि मोबाइल धरणारा पंजा तर मालकाचाच असतो. अशा वेळी मोबाइल आपल्या दाखल्याच्या संदर्भ-संकेतावरून अंदाज बांधतो की, ह्या क्षणी मनोऱ्याचा हुकूम आला असता तर तो चुकण्याचा संभव दहा टक्क्यांवर गेला असता काय. गेला असता तर एक खूण करतो. ठराविक अवधीत खुणा ठराविक संख्येवर पोचल्या की शलाका मेली असे जाहीर करून, हाताशी राखलेल्या पर्यायी शलाकेच्या नेमल्या वेळी साद घालतो. एकही हुकूम प्रत्यक्ष न चुकता हे सारे उरकू शकते. अलीकडे, अठराव्या आवृत्तीपासून, मोजण्या कमी करून उरलेल्यांचा अंदाज यंत्रबुद्धीने बांधावा असा विचार पुढे आला आहे; लेखक त्याविषयी उत्साही आहेत, मी साशंक आहे, कारण मधून जाणाऱ्या मुलाचा अंदाज मला चाळीस वर्षांत बांधता आला नाही. असो.

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही विकला गेला, परंतु त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुरू झालेली सेवा सामान्य ग्राहकापर्यंत पोचली ती मुख्यतः ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झच्या मध्यम पट्ट्यावर व त्याखाली. त्यामुळे आपल्या गल्लीतली दवंडी फार तर आठ चौकांची असते, चौसष्टांची नाही. ग्रंथातील उदाहरणे मात्र बहुतांशी मिलिमीटर-पट्ट्यातली आहेत, आणि प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यास ती कोरडी वाटण्याचा संभव आहे. त्याने पहिला अध्याय उघडण्यापूर्वी आपल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमच्या माहितीखाली सिग्नलचे बळ म्हणून जो ऋण चिन्हाचा आकडा दिसतो तो पाहावा. पाचव्या पिढीचे जाळे चालू असताना तो आकडा बहुधा त्या दवंडीतल्या संदर्भ-संकेताचेच बळ असते. आपल्या संभाषणाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. काल संध्याकाळी मी ही प्रस्तावना आमच्या ओसरीत बसून लिहीत होतो तेव्हा तो उणे ८९ होता. चहासाठी स्वयंपाकघरात गेलो तेथे उणे १०७ झाला, आणि मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो तेव्हा तो उणे ९४ वर येतो न येतो तोच सौभाग्यवती खिडकी लावावयास मधे आल्या.